खालून ऐकलेली गाणी

माझा सगळ्यात खालचा सूर आमच्या घरात मावत नाही. यात बिल्डरचा दोष नाही. बेस गिटारची सर्वांत जाड तार, 'ई'ची, सेकंदाला ४१ वेळा थरथरते आणि तिच्या आवाजाची एक लाट हवेत आठ मीटरांहून थोडी लांब भरते, म्हणजे जवळजवळ २७ फूट. आमचा डोंबिवलीचा हॉल दहा बाय पंधरा. त्यातही दिवाण, शोकेस आणि कोणीतरी कधीतरी व्यायाम करील म्हणून घेतलेली सायकल, जिच्यावर आता टॉवेल वाळतात. संध्याकाळी बँकेतून येऊन, चहा घेऊन मी ती तार छेडतो, तेव्हा सुराचं डोकं आमच्या शोकेसपाशी असतं, कंबर मधल्या भिंतीत आणि पाय शेजाऱ्यांच्या देवघरात. शेजारी सज्जन आहेत. इतकी वर्षं परक्याचे पाय देवघरात येतात, पण त्यांनी कधी विषय काढला नाही.

खालच्या मजल्यावरच्या काकूंनी काढला. एके संध्याकाळी त्या स्टीलचा डबा पदराखाली घेऊन वर आल्या, जणू पुरावा आणला होता. म्हणाल्या, "तुमचं ते धुम्म झालं की हा बोलतो." डबा साखरेचा होता. मी म्हटलं, नेमका कशाला बोलतो ते बघू या. काकू खाली गेल्या, डबा मांडणीवर ठेवला, नातवाला गॅलरीत उभं केलं आणि मी वर एकेक सूर वाजवू लागलो. "हा नाही... हाही नाही... हां, हा! हाच!" तो 'ए' निघाला, ५५ कंपनांचा. बरोब्बर त्याच सुराला डब्याचं झाकण कडेवर थरथरून किणकिण करायचं, आजूबाजूचे डबे मख्ख. त्यातही गंमत अशी, की डबा भरलेला असला की गप्प आणि तळाशी आला की वाचाळ. काकूंनी हे महिनाभरात हेरलं. आता जिन्यात भेटल्या की त्या माझ्या रियाजाची चौकशी करत नाहीत. "काल बोलला हो," एवढंच सांगतात आणि पिशवी घेऊन वाण्याकडे वळतात. माझ्या कलेचा संसाराला इतका थेट उपयोग माझ्या स्वतःच्या घरात आजवर झालेला नाही.

खालच्या सुरांची ही खोड लहानपणापासूनची. उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारी फरशीवर उताणं पडून मी फ्रिज ऐकत असे. दुसरं काही करायला नव्हतं म्हणून असेल. फ्रिज, ट्यूबलाइटचा चोक आणि कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर हे तिघं एकाच सुरात गुणगुणतात हे मला तेव्हाच कळलं होतं, कारण पुष्कळ वर्षांनी. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० हेलकावे खाते, त्यामुळे ही सगळी मंडळी १०० कंपनांवर गातात. पेटीवर पाहिलं तर ती पांढरी पाच, केसभर चढी. गडचिरोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत सगळा महाराष्ट्र रात्रंदिवस याच पट्टीत गुणगुणतो आहे आणि एकाही संगीत सभेत त्याची नोंद नाही. अमेरिकेत वीज ६० ची. तिथला फ्रिज १२० वर गातो, म्हणजे आपल्या फ्रिजला षड्ज धरलं तर त्यांचा फ्रिज कोमल गंधारावर. आमचा भाचा न्यू जर्सीला गेल्यावर पहिले काही महिने सारखा म्हणायचा, "मामा, सगळं आहे इथं, पण काहीतरी लागत नाही." त्याची आई त्याला मेतकूट पाठवायची. मला मात्र फ्रिजचा संशय होता.

या सुराची खरी ओळख तो थांबल्यावर व्हायची. भारनियमनाच्या त्या वर्षांत वीज जायची तेव्हा अंधार आधी पडायचा की शांतता, हे मला अजून सांगता येणार नाही. साऱ्या गल्लीचा तानपुरा कोणीतरी एकदम उचलून आडवा ठेवावा, तसं व्हायचं. मग बायका गॅलरीत यायच्या, मुलं ओरडायची, कोणीतरी मेणबत्ती शोधताना स्टुलाला धडकायचं आणि वडील आपल्या जागेवरून न हलता विचारायचे, "सगळ्यांची गेलीय का?" सगळ्यांची गेली असली की त्यांना बरं वाटे. वीज परत आली की गल्ली ओरडायची "आली!" आणि त्या गलक्याखाली फ्रिज घसा खाकरून पुन्हा पांढरी पाच धरायचा.

अशा माणसानं पुढं बेस गिटार हातात घेतली यात नवल नाही. नवल हे, की त्यानंतर ऑर्केस्ट्रात इतकी वर्षं गाणी वाजवूनही मला गाणी येत नाहीत. म्हणजे लोकांना येतात तशी येत नाहीत. शब्द मला मुखड्यापुरते, चाल अंदाजानं. माझ्याकडे गाण्याचा तळ आहे. पाव्हण्यांना हे समजावणं अवघड. घरात गिटार दिसली की "होऊन जाऊ दे एखादं" हे ठरलेलं. एका मुंजीच्या संध्याकाळी मीही भरीला पडलो आणि सगळ्यांना तोंडपाठ असलेलं एक जुनं द्वंद्वगीत पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवलं, एम वन, एम टू, कडवी, सगळं. माझ्या कानात गायक, गायिका, व्हायोलिनांचा ताफा, बासरी, सगळे हजर होते. समोर बसलेल्यांना त्यातलं कोणीच दिसत नव्हतं. मग भेंड्याच सुरू झाल्या. कोणी म्हणालं आरती, कोणी म्हणालं पावसाळ्यातली मोटर. मुंज झालेला बटू तेवढा अचूक बोलला. "हे ना, लांबच्या मांडवात गाणं लागलंय."

खरंच लांबच्या मांडवातलं गाणं असंच येतं. वरचे सूर भिंतींना, झाडांना, हवेला अडकून राहतात आणि खालचे तेवढे गल्ल्या ओलांडून उशीपर्यंत पोचतात. गणपतीत, नवरात्रात, दहावीच्या अभ्यासाच्या रात्री आपण सगळ्यांनी कितीतरी गाणी अशी ऐकली आहेत, नुसती तळापासून, शब्दांचा पत्ता नसताना. त्या मुलाला मी चॉकलेट दिलं. भिक्षावळीत त्याला आधीच पुष्कळ मिळाली होती, म्हणून त्यानं ते धाकट्या बहिणीला दिलं.

रंगमंचावरही माझी जागा मागची. पुढं गाणारे, डावीकडे कीबोर्ड, उजवीकडे ढोलकी-तबला आणि ऑक्टोपॅड, मागं ड्रमसेट आणि त्याच्या कडेला मी. गडकरी रंगायतन असो, शिवाजी मंदिर असो की आमचं सावित्रीबाई फुले नाट्यमंदिर, मला प्रेक्षक दिसतात ते गायकांच्या खांद्यांमधल्या फटीतून. त्यामुळे ज्यांच्याबरोबर उमेद घालवली त्या सगळ्यांना मी पाठीवरून ओळखतो. आमची एक गायिका वरचा सूर घ्यायच्या आधी उजवी टाच चपलेतून अर्धा इंच उचलते. टाच उचलली की मी सावध होतो, सूर आल्यावर ती खाली टेकते आणि आम्ही दोघं समेवर येतो. एक गायक खिशातल्या चिठ्ठीला हात लावून बघायचा. चिठ्ठी काढायचा नाही, पण ती आहे याची खात्री पटली की त्याचे खांदे सैल व्हायचे. निवेदकाचा एक हात नेहमी पाठीमागं असे आणि बोटांवर तो सांगून झालेले विनोद मोजत असे. टाळ्या आल्या की एक बोट मिटायचं, नाही आल्या तर तसंच उघडं राहायचं. मध्यंतरापर्यंत किती बोटं उघडी राहिली यावरून त्याचा चहा साखरेचा की बिनसाखरेचा हे ठरे.

परवा भाजी बाजारात एका बाईंनी मला हाक मारली. हसून चौकशी केली, जुन्या नाईटच्या आठवणी काढल्या, साउंडवाल्याच्या तब्येतीचं विचारलं. मी "हो हो, छान छान" करत होतो, पण ओळख काही पटत नव्हती. मग त्या कोथिंबिरीची जुडी घ्यायला वळल्या आणि माझ्या तोंडून "अहो, तुम्ही!" निघून गेलं. त्यांना ते उशिरा आलेलं अगत्य वाटलं असावं.

याची फेड अशी झाली, की माझ्यासकट मागची सगळी रांग कोणाच्याच आठवणीत धड नाही. त्या काळी लग्नाच्या रिसेप्शनला ऑर्केस्ट्रा ठेवायची पद्धत होती, व्हीएचएस कॅमेऱ्याचा झगझगीत दिवा वधूवरांवर असे आणि आम्ही त्या उजेडाच्या कडेला. आता लोक त्या जुन्या कॅसेटी पेन ड्राइव्हवर उतरवून घेतात आणि आम्हाला बोलावून दाखवतात. त्यात गायिकेच्या खांद्यावरून गिटारीची लांब मान तेवढी चौकटीत डोकावते, चार खुंट्यांसकट, वाफाळत्या तळ्यावर एखाद्या पाणपक्ष्यानं मान काढावी तशी. कधी कोपर. "हे तुमचं कोपर," असं माझी बायको ठामपणे सांगते. एकदा तिनं सांगितलेलं कोपर अ‍ॅकॉर्डियनवाल्यांचं होतं. तिनं ते मान्य केलं नाही आणि मीही फार ताणलं नाही.

बेसच्या तारा महाग. जाड पोलादाभोवती निकेलची बारीक तार गुंडाळलेली, त्या वेटोळ्यांच्या खाचांत घाम आणि मळ भरत जातो आणि काही महिन्यांनी तार मेल्यासारखी वाजू लागते. नवा संच घ्यायचा किंवा जुना उकळायचा. उकळण्याची विद्या सगळ्या जगातल्या बेसवाल्यांना ठाऊक आहे. तारा काढून, वेटोळी करून पातेल्यात सोडायच्या, दहाएक मिनिटं खळखळू द्यायच्या, मग पुसून वाळवायच्या. पाण्यावर राखाडी साय येते, तिला जुन्या नाण्यांचा वास असतो आणि तारा पुन्हा काही दिवस नव्या नवरीसारख्या झणझणतात. पहिल्यांदा हा प्रयोग केला तेव्हा आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "कुकरला लाव की, शिट्ट्या किती ते सांग." त्या पातेल्यावर बायकोनं नेलपॉलिशनं लाल फुली केली आहे. नवी मोलकरीण आली, की घरातले देव, वीजमीटर आणि ते पातेलं तिला पहिल्या दिवशी दाखवलं जातं.

याच्या अगदी उलट होता डेट्रॉइटचा जेम्स जेमरसन. मोटाउन कंपनीची साठच्या दशकातली जी गाणी अमेरिका नाचत ऐकत होती, त्यातल्या कितीतरी गाण्यांचा तळ याचा. उजव्या हाताच्या फक्त तर्जनीनं वाजवायचा आणि तारा तुटल्याशिवाय बदलायचा नाही. मळातच सूर आहे, असं त्याचं मत सांगतात. रेकॉर्डवर वादकांची नावं छापायची त्या कंपनीत पद्धतच नव्हती. १९७१ साली मार्विन गेच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'च्या वेष्टणावर ती आली, तोवर त्याची सगळी उमेद बिननावाची खर्च झाली होती. १९८३ साली तो गेला. त्याच्या थोडेच दिवस आधी त्याचा लाडका 'प्रिसिजन बेस' चोरीला गेला, तो कधी सापडला नाही. पॉल मॅकार्टनीचं नशीब बरं. त्यानं १९६१ साली हॅम्बुर्गमध्ये घेतलेला व्हायोलिनच्या आकाराचा हॉफ्नर बेस १९७२ मध्ये लंडनला एका व्हॅनमधून चोरीला गेला आणि अर्धशतकानंतर इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याकडच्या एका घराच्या माळ्यावर सापडला. २०२४ च्या फेब्रुवारीत ही बातमी आली तेव्हा मी ती चहाच्या वेळी मोठ्यानं वाचून दाखवली. बायकोनं कप खाली ठेवून छताकडं पाहिलं आणि म्हणाली, "आपलाही माळा एकदा काढायलाच हवाय."

मला बेस शिकवला तो माहीमच्या एका गोवेकर अंकलनी. हिंदी चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदाला गोव्याच्या मंडळींनी आकार दिला. चर्चच्या शाळांत लहानपणी नोटेशन वाचायला शिकलेले ते वादक आणि अरेंजर, अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा, फ्रँक फर्नांड. पंचमच्या ताफ्यातले टोनी वाझ बेस गिटारीवर. आमचे अंकल त्याही आधीच्या पिढीतले, उभ्या डबल बेसवाले. ते वाद्य माणसापेक्षा उंच. टॅक्सीवाले थांबत नसत, थांबले तर वाद्य आत आणि अंकल बाहेर अशी तडजोड सुचवत. स्टुडिओत शंभर वादक एकदम वाजवायचे, समोर कागद असायचा, कागदावर सूर असायचे, गाणं कोणतं हे विचारायची गरज नसायची. संध्याकाळी पाकीट मिळालं की घर. त्यामुळे आपण काय काय वाजवलंय याची अंकलना नीटशी कल्पना नव्हती. खिडकीतल्या ट्रान्झिस्टरवर जुनं गाणं लागलं की ते गुडघ्यावर बोटं ठेवून ऐकत आणि दुसऱ्या कडव्याला म्हणत, "हां. हे मी वाजवलाय, मॅन." जरा थांबून, "बहुतेक."

मी तेव्हा नुकता शहाणा झालो होतो. म्हटलं, अंकल, या एवढ्याशा स्पीकरमधून बेस निघतच नाही, तुम्हाला ऐकू येतंय काय? ते म्हणाले, "निघत नाय. पण येतो."

त्यांचं बरोबर होतं. कोणताही सूर एकटा नसतो. ५५ चा सूर वाजला की त्याच्यावर ११०, १६५, २२० असे सगे उभे असतात. बारक्या स्पीकरला ५५ झेपत नाही, तो नुसते सगे पुढं पाठवतो. पण बारशाला सगळे काका-मामा-आत्या जमलेले दिसले की घर कोणाचं ते विचारावं लागत नाही, तसा कान त्या सग्यांवरून मूळ पुरुष ओळखतो. ओळखतो म्हणजे चक्क ऐकतो. हवेत जो नाही तो सूर डोक्यात वाजतो आणि आपल्याला शंकासुद्धा येत नाही.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो, आणि माझ्या डोळ्यांपुढं काही अंकल नव्हते. बँकेत लागल्यावर मला पहिली शाखा मिळाली ती मराठवाड्यात. रात्री अकरानंतर एसटीडीचे दर उतरायचे, म्हणून पिवळ्या पाटीखाली आम्ही परगावची पोरं रांग लावून उभे राहायचो. काचेच्या पेटीत लाल आकडे पळायचे. वडिलांचा आवाज मुळात खर्जातला, जिन्यात खाकरले तर तिसऱ्या मजल्यावर कळायचं. फोनवर ते तीनच वाक्यं बोलत. "जेवलास? पैसे आहेत? ठेवतो." ती तारेवरून सरळ माझ्या बरगड्यांत येत. आता कळतं, की टेलिफोन ३०० कंपनांच्या खालचं काही पाठवतच नसे आणि पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूर असतो शंभर-सव्वाशेच्या आसपास. म्हणजे रात्री सव्वाअकराला, डास मारत, रांगेतल्या मागच्याची कुरकुर ऐकत मी जो खर्ज ऐकत होतो, तो डोंबिवलीहून निघालेलाच नव्हता. बिल मात्र पूर्ण लागायचं.

हल्ली नाईट कमी झाल्या. गाणारे ट्रॅकवर गातात, त्यात बेस आधीच भरलेला असतो, न घामाचा, न मळाचा, दर वेळी तोच. माझं त्याच्याशी भांडण नाही. ट्रॅकला पाकीट द्यावं लागत नाही आणि जेवणाचंही कूपन लागत नाही. तरी वर्षातून एकदोनदा कोणीतरी जुना संयोजक हट्टानं सगळा ताफा जमवतो, आणि गेल्या कोजागिरीला ज्येष्ठ नागरिक संघाच्या गच्चीवर असाच कार्यक्रम झाला. पहिल्या रांगेत माझी आत्या होती. वय नव्वदीच्या घरात, कानाचं यंत्र तिनं हट्टानं डब्यात ठेवलेलं, कारण त्यात "भांडी घासल्यासारखं" वाजतं. वय झालं की कान वरच्या सुरांपासून हात सोडवत येतो आणि खालचे सूर शेवटपर्यंत धरून ठेवतो, हे मला माहीत होतं. पण त्याचा फायदा कधी मला मिळेल असं वाटलं नव्हतं. टाच उचलणाऱ्या बाईंनी त्या रात्री फार सुंदर गायलं. मसाला दूध वाटताना आत्यानं मला बोलावून घेतलं, गालावरून हात फिरवला आणि अख्ख्या गच्चीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बाकीची मंडळी नुसती तोंडं हलवत होती रे. वाजवत होतास तो तू एकटा."

टाच उचलणाऱ्या बाई दिलदार, त्या हसल्या. आमचा ड्रमर दुखावला. "माझा किक-ड्रमही खालचाच आहे," असं तो दूध पिता पिता तीनदा म्हणाला, आणि शेवटी मला त्याला आत्याकडे नेऊन रीतसर ओळख करून द्यावी लागली. आत्यानं त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "तू होय," ती म्हणाली. "मला वाटलं, वरच्या टाकीचं झाकण हलतंय."